दाढेला नळ्या तीनच, हे ठरवलं कुणी?

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘पुढच्या दातात एक नळी, उपदाढेत दोन, दाढेत तीन. डॉक्टर चौथी सापडली म्हणाला की समजा बिल फुगवतोय. आणि मूळ वाकडं असेल तर रूट कॅनाल टिकतच नाही, दात काढून मोकळे व्हा.’

आधी ती चौथी नळी. नळी म्हणजे दाताच्या मुळातली बारीक पोकळी, रूट कॅनालमध्ये साफ करून भरतात ती. वरच्या पहिल्या दाढेला मुळं बहुधा तीन, इथवर ठीक. पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त दाढांना दोन नळ्या असतात. मायक्रोस्कोपखाली शोधलं तर आणखी सापडतात. हे आजचं खूळ नाही. स्विस दंतवैद्य वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे घेतले होते. १९२५ च्या त्यांच्या ग्रंथातले ते साचे पाहिले तर ‘एक, दोन, तीन’चा हिशेब तिथेच कोलमडतो. खालच्या पटाशीच्या दातातही कधी दोन नळ्या निघतात, आणि खालच्या उपदाढेतली एकच नळी मध्येच फुटून दोन होते.

‘एक्स-रेत तर तीनच दिसल्या!’ एक्स-रे म्हणजे सावली. एकामागे एक उभ्या असलेल्या दोन नळ्यांची रेघ एकच पडते. म्हणून मशीन जरा तिरकं धरून दुसरा फोटो घेतात, शंका उरली तर सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय स्कॅन.

शोधायची कशी, तेही सांगतो. दाढ उघडली की आतला तळ भिंतींपेक्षा गडद दिसतो आणि एका नळीच्या तोंडाकडून दुसऱ्याकडे बारीक काळसर रेघ जाते. रेघ जिथे विरते तिथे अल्ट्रासॉनिक (बारीक थरथरणाऱ्या) टोकाने हलकेच खरवडायचं, हायपोक्लोराइट (नळी धुवायचं जंतुनाशक द्रव) सोडायचं आणि थांबायचं. आत गाभा (दाताच्या आतला मऊ, नसांचा भाग) उरला असेल तर नेमक्या त्या ठिपक्यातून बुडबुडे उठतात. मग दहा नंबरची फाईल (नळी साफ करायची सुईसारखी बारीक कानस), टोकाला ०.१० मिमी, तिथे टेकवली की अडकते. यात कधी अर्धा तास जातो. बिलच फुगवायचं तर याहून सोपे मार्ग आहेत. उलट ती नळी सुटली तर आतले जंतू तिथेच राहतात आणि दाढ पुन्हा ठणकते.

वाकड्या मुळाचं म्हणाल, तर अगदी सरळ मूळ हीच दुर्मिळ गोष्ट. स्टीलची जाड फाईल वळणावर सरळ व्हायला बघते आणि नळीच्या भिंतीत पायरी पाडते, ही अडचण खरी. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाईल आल्यापासून ती बरीच कमी झाली. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नळ्या एकमेकींत मिसळून इंग्रजी ‘सी’सारखी फट होते. तिथे फाईल सगळीकडे पोचत नाही, धुण्यावर भर द्यावा लागतो. काम अवघड, एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) पाठवण्याजोगं; पण दात काढायचं कारण नव्हे. मुळाला उभी चीर गेली असेल तर गोष्ट वेगळी.

फसवणारे डॉक्टर नसतातच असं मी म्हणत नाही. संशय असेल तर नळ्यांमध्ये फाईल ठेवून घेतलेला तिरका एक्स-रे दाखवायला सांगा. गालाकडच्या त्या पुढच्या मुळात दोन रेघा वेगळ्या दिसल्या तर चौथी नळी आहे.