गिटार चालेल, नावं लिहा

इंदुरात सध्या आमच्या घरच्यांत आणि मित्रांत एका अल्बमवरून जुंपली आहे. ओळखीतला एक पोरगा माळवी लोकगीतं गिटार-ड्रम्सवर बसवतोय. काका म्हणतात, लोकगीताची वाट लावली. मित्र म्हणतात, करायचंच तर मुंबईच्या स्टुडिओत कर, इथे काय ठेवलंय!

मी राहतो मिनियापोलिसला, तेव्हा मुंबईच्या मुद्द्यावर बोलतोच. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन याच मिनेसोटा राज्यातला. सप्टेंबर १९७४ मध्ये त्याने 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' हा अल्बम न्यूयॉर्कला रेकॉर्ड केला. मग धाकट्या भावाचं ऐकून डिसेंबरअखेरीस इथल्या 'साउंड ८०' स्टुडिओत दहापैकी पाच गाणी नव्याने केली, तीही गावातलेच वादक घेऊन. त्यांतला गिटारवाला केविन ओडेगार्ड पोटासाठी रेल्वेत ब्रेकमन होता. 'टँगल्ड अप इन ब्लू' हे गाणं पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) चाललं होतं, रंग भरेना. हा म्हणाला, पांढरी सहात घेऊन बघू. डिलनने पट्टी चढवली. अल्बम उघडतो तो त्याच गाण्याने.

पण कव्हरं आधीच छापून झाली होती. जानेवारी १९७५ मध्ये तबकडी आली, तिच्यावर या वादकांची नावं नव्हती. ती छापून आली थेट याच रेकॉर्डिंगांच्या २०१८ च्या संचात. 'तिकडे सगळं चोख असतं' असं मावशी म्हणते. असं चोख!

काकांचं म्हणणं मला पटत नाही. कुमार गंधर्वांनी देवासला बसून माळवी लोकधुनांतून राग उभे केले, त्याने धुनांचं काही बिघडलं नाही. माळव्यातले लोकगायक प्रह्लादसिंह टिपानिया यांच्या कबीर भजनी मंडळीत तंबुरा-ढोलकाशेजारी व्हायोलिन वाजतं, त्यावर गावात कोणी भांडत नाही.

मला टोचतं ते निराळंच. या अल्बमच्या पोस्टरवर गायक आहे, स्टुडिओ आहे, ढोलकवाला मात्र 'आणि साथीदार' यात. ज्या आजींकडून चाली घेतल्या त्यांच्या जागी नुसतं 'पारंपरिक'. गाणं अपलोड करताना वादकांच्या नावांसाठी रकाने असतात, कव्हर छापून झाल्याची सबब आता चालायची नाही. परवा फोनवर काकांना ढोलकवाल्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, "नाव असेल काहीतरी, पण त्या गिटारचं काय करायचं ते बोल!"