‘बारा व्होल्टला काय होतंय?’ : घरगुती कॅम्पर ट्रेलरच्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकमधल्या जीपवाल्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर घरीच बनवा. ट्रॉली बनवणाऱ्या वर्कशॉपमधून सांगाडा वेल्ड करून घ्या, वर प्लायचा डबा चढवा आणि घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी टाका. लिथियमच हवी असेल तर फॉस्फेटवाली (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या. ती पेटत नाही, झोपायच्या फळीखाली ठेवली तरी चालते. बारा व्होल्टला शॉक लागत नाही, तेव्हा फ्यूजबिझची भानगड नको. चार्जिंगला गाडीच्या बॅटरीवरून सरळ वायर ओढा. छपरावर एक सोलर पॅनल बसवलं की एसीसुद्धा चालतो. आणि ट्रेलरला इंजिन नसतं, म्हणून पासिंग लागत नाही.

ट्रेलर घरी बनवण्याला माझा विरोध अजिबात नाही. ज्या शहरात थार बनते आणि अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये एकाहून एक कसबी फॅब्रिकेटर बसलेत, तिथल्या पोरांनी स्वतःचा ट्रेलर बनवावा असं मला मनापासून वाटतं. पण मी पॅनल वायरिंगच्या कामातला माणूस आहे आणि या मेसेजमधली विजेची जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे. त्या डब्यात कुणीतरी लेकराबाळांसह झोपणार आहे, म्हणून मुद्देसूद लिहितो.

सगळ्यात घातक ओळ बारा व्होल्टची, म्हणून तिच्यापासून सुरुवात. शॉक लागत नाही हे खरं. कोरड्या हाताने बारा व्होल्टचे दोन्ही टर्मिनल धरले तरी काही जाणवत नाही. पण इथे भीती आगीची आहे, आणि आग व्होल्टेज बघून लागत नाही. १०० अँपिअर-अवरची फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले १००, साधारण १२८० वॉट-तास ऊर्जा. तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, अगदी नगण्य, काही मिलिओहम इतकाच असतो. तिच्या प्लस-मायनसमध्ये पाना आडवा पडला तर क्षणात हजार-दोन हजार अँपिअर वाहू शकतात. वेल्डिंग मशीन याच्या कितीतरी कमी करंटवर लोखंड वितळवतं.

‘पण पाना कोण टाकणार आहे?’ असा प्रश्न येतोच. पाना लागत नाही. एका ओळखीच्या मुलाचा ट्रेलर त्र्यंबक-जव्हारच्या बाजूला हिंडून आल्यावर मी उघडून पाहिला होता. बॅटरीची प्लस केबल तळाच्या लोखंडी पत्र्याला (चेकर्ड प्लेटला) ड्रिलने पाडलेल्या भोकातून खाली उतरवलेली होती. भोकाची कड घासलेली नव्हती, कडेला बसवायचं रबरी कडं (ग्रोमेट) नव्हतं, केबलला कुठे क्लिप नव्हती. खाचखळग्यात केबल त्या कडेवर करवतीसारखी पुढेमागे झाली होती. लाल इन्सुलेशनवर नखाएवढी चीर पडली होती आणि आत तांब्याच्या तारा चकाकत होत्या. चासी, म्हणजे ट्रेलरचा लोखंडी सांगाडा, मायनसला जोडलेली. म्हणजे तांबं आणि पत्रा यांच्यात फक्त नशीब उभं होतं. फ्यूज नव्हताच. तांबं १०८५ अंशांना वितळतं. प्लाय आणि फोमची गादी त्याच्या खूप आधी पेट घेते.

म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या प्लस टर्मिनललगत हवा. बोटींच्या वायरिंगसाठीच्या अमेरिकी मानकाचा मूळ नियम ७ इंचांचा आहे, म्हणजे सुमारे १८ सेंमी. कारण साधं आहे: बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या केबलला कुणाचंच संरक्षण नसतं, तेव्हा ती जितकी आखूड तितकं बरं. आणि फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढा करंट गरम न होता सोसते, त्याच्या आतला फ्यूज निवडायचा.

कुठला फ्यूज, हेही महत्त्वाचं. द्वारका सर्कलपासून पुढे कुठल्याही कार ऑडिओच्या दुकानात काचेचा फ्यूज मिळतो. लिथियम बॅटरीच्या शॉर्ट सर्किटपुढे तो टिकत नाही. आतली तार वितळते, पण ठिणगीची कमान चालूच राहते. त्याऐवजी मोठे करंट तोडण्यासाठीच बनवलेला क्लास टी फ्यूज घ्या. तो २० हजार अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकतो. तो महाग आहे, ऑनलाइन मागवावा लागतो, पण मुख्य फ्यूज म्हणून माझ्या मते दुसरा विचार करू नये. घरातली एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच, लावणारेही बरेच आहेत. घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कमान आपोआप विझायला मदत होते. बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट शून्यावर येतच नाही. घरच्या विजेची एमसीबी डीसीवर लावली तर ती ट्रिप होऊनही आतल्या आत जळत राहू शकते. डीसी रेटिंग छापलेलीच घ्या.

‘बीएमएस आहे ना आत?’ हे उत्तर मला दुकानदारांकडूनही ऐकायला मिळतं. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट. ती सेलची काळजी घेते आणि चांगली घेते. पण ती करंट तोडते मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, आणि मॉसफेट खराब होताना बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे रस्ता बंद करायच्या ऐवजी कायमचा उघडा ठेवतो. फ्यूजला असा उलटा स्वभाव नाही.

वायरच्या जाडीवर मेसेज गप्प आहे. बारा व्होल्टवर १००० वॉटचा इन्व्हर्टर चालवायचा तर साधारण ९० ते १०० अँपिअर लागतात. बॅटरी ते इन्व्हर्टर २ मीटर अंतर, जाऊन-येऊन ४ मीटर केबल धरा. घरातली ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर १०० अँपिअरला त्यात एक व्होल्टहून जास्त पडतो आणि शंभर वॉटहून अधिक उष्णता त्या वायरमध्येच निघते, तीही गादीखाली. २५ स्क्वेअर एमएमच्या केबलला हेच नुकसान पाव व्होल्टच्या आसपास राहतं. केबलच्या टोकाचे लग, म्हणजे बोल्टला जोडायची धातूची टोकं, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. नुसतं सोल्डर केलं तर लगच्या तोंडाशी तारा कडक होतात आणि हादऱ्यांनी तिथेच तुटतात.

आता ‘फॉस्फेट बॅटरी पेटत नाही’. यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते पसरतं. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन मोबाईल-लॅपटॉपमधल्या सेलपेक्षा निश्चितच शांत आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये उष्णतेची अनावर साखळी साधारण २१० अंशांच्या आसपास सुरू होते, फॉस्फेटमध्ये २७० च्या आसपास, आणि फॉस्फेट स्वतःहून ऑक्सिजनही सहजासहजी सोडत नाही. पण आतला इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राही असतो. सेल फुटला तर बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. बंद डब्यात, झोपलेल्या माणसाच्या खाली, हा वायू साठणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. म्हणून बॅटरीची जागा झोपायच्या खोलीबाहेर. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर वेगळी पेटी करा, तिला बाहेरच्या हवेकडे उघडणारी झडप ठेवा, आणि झोपायच्या बाजूला पत्र्याची सलग भिंत असू द्या. पेटी पट्ट्याने आणि बोल्टने चासीला बांधलेली हवी.

थंडीबद्दलही एक गोष्ट. शून्य अंशांच्या खाली फॉस्फेट सेल चार्ज केला तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. निफाडच्या थंडीत ही वेळ सहसा येणार नाही, पण स्पिती-लडाखचे बेत असतील तर कमी तापमानाला चार्जिंग थांबवणारी बीएमएसच घ्या. आपल्याकडे जास्त त्रास मे महिन्यातल्या उन्हाचा. उन्हात तापलेल्या काळ्या पेटीत बॅटरीला तिच्या मर्यादेच्या वर जायला वेळ लागत नाही. पेटी पांढरी रंगवा.

जुन्या ई-स्कूटरचे सेल काढून पॅक बनवण्याचा सल्ला मेसेजखालच्या चर्चेत बरेच जण देतात. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच नाशिकमध्ये कंटेनरवर चढवलेल्या वीस ई-स्कूटर जळाल्या होत्या, त्याही नव्याकोऱ्या. वापरलेल्या, इतिहास माहीत नसलेल्या सेलवर घरी स्पॉट वेल्डिंग करून त्यावर कुटुंबाला झोपवू नका. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी? १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी ५० ते ६० किलोची, आत मोकळं आम्ल, आणि टिकवायची तर निम्मीच क्षमता वापरायची. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. तिरप्या उतारावर आम्ल सांडतं. हा मुद्दा इथेच सोडतो.

गाडीवरून सरळ वायर ओढण्याबद्दल. फॉस्फेट बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची बॅटरी भरणारा जनरेटर, पूर्ण ताकदीने तासभर चालण्यासाठी बनवलेला नसतो, घाटात हळू चालताना त्याला हवाही कमी मिळते, आणि तो तापून जळतो. दुसरा धोका याहून कमी ओळखीचा आहे. बॅटरी भरली आणि बीएमएसने अचानक संबंध तोडला, तर अल्टरनेटरच्या व्होल्टेजची उसळी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर जाऊ शकते. शिवाय बऱ्याच नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, त्यामुळे सरळ वायरने बॅटरी धड भरतही नाही. मधे २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, म्हणजे करंट मर्यादेत राहतो. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना. ही गोष्ट चांगले इलेक्ट्रिशियनसुद्धा विसरतात.

एअर कंडिशनरचं गणित तर चौथीतलं पोरही करेल. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॉट घेतो. १२८० वॉट-तासांची बॅटरी तासाभरात रिकामी. १०० वॉटचं पॅनल नाशिकच्या चांगल्या उन्हात दिवसाला ४०० वॉट-तासांच्या आसपास देतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या ढगांखाली त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी खूप. बारा व्होल्टचा छोटा फ्रीज, दिवे, पंखा, मोबाईल हे मात्र आरामात चालतं. आणि इन्व्हर्टर बसवला की ट्रेलरमध्ये २३० व्होल्ट आले, तेव्हा ‘शॉक लागत नाही’ हे वाक्यही संपलं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा. पण इन्व्हर्टरच्या न्यूट्रलची चासीशी जोडणी नसेल तर ती ट्रिप होत नाही, आणि काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये अशी जोडणी केली तर इन्व्हर्टरच जळतो. जोडणी चालते असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलाच इन्व्हर्टर विकत घ्या.

सांगाड्याविषयी. पिंपळगाव, निफाड, ओझरकडचे ट्रॉलीवाले उत्तम काम करतात. त्यांच्या ट्रॉल्या टनावारी द्राक्षं आणि ऊस ओढतात. पण ट्रॅक्टरच्या वेगाने. त्याच एक्सलवर, त्याच स्प्रिंगच्या पाट्यांवर महामार्गाला ऐंशीने जायचं नसतं. हब, बेअरिंग आणि टायर मोटारीच्या वेगाचे घ्या, शॉक अॅब्सॉर्बर बसवा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर अडकवायच्या जोडावर, यायला हवा. पाण्याची टाकी आणि सामान मागे गेलं की हा भार कमी होतो, आणि कसारा घाट उतरताना ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. एकदा डोलायला लागलं की ब्रेक मारून ते थांबत नाही. पुढच्या दांड्यावरची बॅटरी इथेही कामी येते. सुरक्षा साखळ्या दोन, दांड्याखाली एकमेकींना छेदून.

राहिलं पासिंग. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर नावानिशी येतो. कलम ३९ नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणू देत नाही, आणि नोंदणी झालेल्या वाहनात मनाप्रमाणे बदल करण्यावर कलम ५२ चं बंधन आहे. इंजिन आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच कागद मागेल. माझ्या मते आधीच मान्यता असलेला ट्रेलर चासी घेऊन त्यावर डबा बांधणं सोपं पडतं. ड्रॉइंग, वजन आणि चासीचे कागद घेऊन पेठ रोडच्या आरटीओत वेल्डिंगच्या आधी जा. डबा तयार झाल्यावर गेलात तर बदल सुचवले जातील आणि ते कापून करावे लागतील.