गावरान कुत्र्या-मांजरांनाही दवाखाना लागतो

आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: "गावरान कुत्र्या-मांजराले दवाखाना लागत नाही. लस शहरातल्या कुत्र्यांले. ताप आला तं अर्धी पॅरासिटामॉल द्या, गोचीड झाले तं ढोराचं औषध लावा, खाज सुटली तं गाडीचं जळकं ऑइल. मांजराले दूध-पोळी पुरते. कुत्रीचं एक वेत होऊ द्या, मंग ऑपरेशन." लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातल्या काही गोष्टींनी जनावर जिवानिशी जातं.

गावरान कुत्रा काटक असतो, हे खरं. चपट्या नाकाच्या विलायती कुत्र्यांना श्वासाचे जे त्रास होतात ते याला होत नाहीत. पण पार्व्हो या रक्ती हगवणीच्या आजाराचा विषाणू जात पाहत नाही. आपल्याला दिसतात ती जगलेली कुत्री. त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. पिल्लू खायचं सोडतं, ओकतं, घाण वासाची रक्ताची हगवण लागते आणि अंगातलं पाणी संपून दोन-तीन दिवसांत मरतं. विषाणू त्या अंगणात कित्येक महिने टिकतो, म्हणून नंतर आणलेलं पिल्लूही तसंच जातं. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा संसर्ग) यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, 16 आठवडे होईपर्यंत देतात. डिस्टेंपर जंगलातल्या प्राण्यांनाही लागतो, म्हणून ताडोबा, पेंच, मेळघाट या वाघांच्या जंगलांच्या काठावरच्या गावांनी तर ही लस टाळूच नये. 2018 मध्ये गुजरातच्या गीर जंगलात सिंह मेले, त्यांच्यात याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. जागलीला सोबत येणाऱ्या कुत्र्याची रात्री धुऱ्यावर कोल्ह्याशी गाठ पडते, त्यामुळे शहरातल्या कुत्र्यापेक्षा त्याला ती जास्त गरजेची आहे. माणसाला चावा बसला, मग तो पिल्लाचा असो की मांजरीचा, तर त्यात मिरची-चुना भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नसते. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीतीही सोडा, आता लस दंडात देतात.

आता पॅरासिटामॉल. या सल्ल्यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. मांजरीच्या यकृतात हे औषध निकामी करण्याची व्यवस्थाच नीट नसते. औषधाचं विष होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं, अर्धीही सुरक्षित नाही. कुत्र्याचंही यकृत यात खराब होतं. चुकून दिली गेली असेल तर उद्याची वाट पाहू नका, उतारा लवकर मिळाला तरच उपयोग होतो.

गोचिडाचं औषध दुसरं. कोठ्यात वापरतात ते बहुतेकदा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन. पऱ्हाटीवर फवारतात त्याच कुळातलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. मापाबाहेरचं विष काय करतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. गाय-बैलाच्या मापाचं औषध कुत्र्याला लावलं की तो ते चाटतो. मांजरीला तर ते पचवताच येत नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. लागलंच तर हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. कुत्र्यावरचे गोचीड मातीच्या भिंतींच्या भेगांतही लपतात, म्हणून नुसतं अंग साफ करून भागत नाही. कुत्रा खात नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल तर गोचीड-ताप असू शकतो. रक्त तपासा. वेळेत कळलं तर औषधाने बरा होतो.

जळकं ऑइल खाजेवर लावू नका. खरूज होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांनी. ऑइलने कातडी भाजते आणि चाटलेलं पोटात जातं. दूध-पोळीवर मांजर तगत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांस, मासे यांतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय जातात. शिवाय मोठ्या मांजरांना दुधाने हगवण लागते.

हा सल्ला का पसरतो, ते मला कळतं. दवाखाना तालुक्याला, डॉक्टर ढोरांच्या कामात, गाडीभाडं वेगळं. म्हणून आधी फोन करून निघा. तिथे जमलं नाही तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे.

राहिलं एक वेत. त्याने कुत्रीच्या तब्येतीला काहीच फायदा होत नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर सडाच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. ऑपरेशन न झालेली वयस्क कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, खालून पू येऊ लागला किंवा पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झाला असं समजा आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पू बाहेर न दिसणारा प्रकार जास्त धोक्याचा असतो.