सात महाप्रसाद

फोंड्यात पावसाने जोर धरला की आधी वीज जाते, मग इंटरनेट जातं. काकांच्या फोनला मात्र रेंज असतेच.

"अरे, वेबसाइटवर महाप्रसाद सात वेळा कसा? तांदूळ काय तू आणून देणार?"

काका देवस्थान समितीवर. देवस्थानचं नाव सांगत नाही, उत्सवाच्या नाटकाला मला पुढची खुर्ची हवी असते.

ती वेबसाइट मीच केली, रेल्समध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात. २००४ साली आलेली ही चीज अजून माझं घर चालवते. सगळ्या पानांना लेआउट एकच: वर देवाचं नाव, बाजूला सूचनेची जागा. कुठल्याही पानाने 'कंटेंट फॉर' म्हणून सूचना लिहून ठेवायची आणि लेआउटने 'यील्ड' म्हणून ती जागेवर काढायची. आईला मी हे माटोळीवरून, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीवरून, समजावलं होतं. चौकट तीच, दर चतुर्थीला माळ्यावरून निघते. कांगलां, कवंडळं, घागऱ्यो, सुपारीचं शिपटं ज्या त्या वर्षीचं.

"म्हणजे आधी चौकट टांगायची, मग फळं बांधायची."

"नाही गं, इथे उलटं. आधी पान तयार होतं, त्यातलं बांधायचं ते नाव लावून टोपलीत जमा होतं. चौकट सगळ्यात शेवटी."

"म्हणजे तुमच्याकडे कामं उलटीच," असं म्हणून ती खोबरं किसायला गेली.

टोपलीचा आणखी एक स्वभाव आहे. त्याच नावाने पुन्हा काही टाकलं तर आधीचं जात नाही, त्याच्यापुढे चिकटतं. उत्सव सात दिवसांचा. प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम दाखवायला मी एकच पार्शल, म्हणजे पानाचा पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा, केलं होतं, ते सात वेळा फिरायचं. आणि महाप्रसादाची सूचना, हुशारी बघा, मी त्या पार्शलमध्येच ठेवली होती.

इथवर समजलं. पण सर्व्हरवरचं पान उघडलं तर तिथे महाप्रसाद एकदाही नव्हता. घरच्या लॅपटॉपवर सात, सर्व्हरवर शून्य, आणि काकांनी समितीच्या ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पुन्हा सात.

बॅटरी १८ टक्क्यांवर आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पान झटकन उघडावं म्हणून मी कार्यक्रमांच्या यादीला कॅश लावला होता, रोज मध्यरात्री संपणारा. कॅश यादीचा तयार मजकूर तेवढा जपून ठेवतो. यादी बनताना टोपलीत काय पडलं, ते त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे दिवसातला जो पहिला पाहुणा, त्याच्यासाठी यादी नव्याने बनायची आणि त्याला सात महाप्रसाद मिळायचे. नंतरचे सगळे उपाशी. आणि काका उठतात पहाटे चारला. माझ्या लॅपटॉपवर तर कॅश बंदच, म्हणून तिथे कायम सात.

आधी मी 'फ्लश: ट्रू' लावून बघितलं. त्याने जुनं टाकून नवीन तेवढंच राहतं. सातचा एक झाला, काका दुसऱ्या पहाटे खूश. दुपारी खजिनदारांचा फोन: "प्रसाद रद्द केला काय रे?"

शेवटी सूचना पार्शलमधून उचलली आणि कॅशच्या बाहेर, पानाच्या डोक्यावर एकदाच लिहिली. दोन ओळींचं काम. त्याला दोन दिवस गेले, हे काकांना सांगितलं नाही.

स्क्रीनशॉट मात्र तोवर ग्रुपमधून निघून गावभर झाला होता. उत्सवात पहिली पंगत उठली तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ हात धुऊन आले आणि पुन्हा पानावर बसले. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला.

"अजून सहा आहेत," म्हणाले.