ग्रीमाला बाण मारायलाच हवा होता का?

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीवर गप्पा निघाल्या आणि दयामायेचा विषय आला, की गाडी गोलमवर, जादूच्या अंगठीने पछाडलेल्या त्या जिवावर, जाऊन थांबते. बिल्बोने त्याला मारलं नाही, फ्रोडोने मारलं नाही (दोघंही हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतले), म्हणून शेवटी अंगठीचा निकाल लागला. मान्य. पण गोलमला अंगठीने पार पोखरलं होतं, त्याच्या हातात कितीसं उरलं होतं? मला ग्रीमा वर्मटंग जास्त छळतो, कारण त्याच्यावर कुठल्याच अंगठीची भूल नाही. साधा कारस्थानी कारभारी. रोहनच्या राजाला, थेओडेनला, चिकटून बसायचं, त्याचे कान भरायचे, आतल्या बातम्या सारुमान या दुष्ट जादूगाराला पोचवायच्या, आणि बक्षीस म्हणून राजाच्या भाचीवर, एओविनवर, डोळा ठेवायचा. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

हा माणूस जगला असता तर सुधारला असता का? माझं मत, हो, थोडासा. त्या 'थोडासा'वर मी कितीही भांडायला तयार आहे. (पुस्तक वाचलं नसेल तर पुढे सगळं फुटणार आहे. शेवटचा खंड १९५५चा आहे, आता काय लपवायचं!)

त्याला पहिल्यांदा सोडतात ते एडोरासला, राजाच्या दरबारात. लढाईला बरोबर चल, नाहीतर वाट फुटेल तिकडे जा. पण पुन्हा समोर आलास तर गय करणार नाही, असं राजा सांगतो. ग्रीमा राजाच्या पायापुढे थुंकतो आणि घोड्यावर बसून थेट सारुमानकडे. बहुतेक वाचक त्याचा हिशोब इथेच मिटवतात. पण त्या दिवशी त्याच्यासाठी दुसरं कुठलं दार उघडं होतं? भित्रा माणूस लढाईला कसला जातोय! आपल्या अश्वत्थाम्यालाही जिवंत सोडलं होतंच की, जखमेला तेल मागत फिरायला. जीव वाचला म्हणजे माफी मिळाली असं नसतं.

दुसरा प्रसंग माझा सगळ्यात आवडता, आणि पीटर जॅक्सनच्या चित्रपटात तो नाहीच. युद्ध संपलंय, सारुमानची जादूची काठी मोडलीय, दोघं भिकाऱ्यासारखे रस्त्याने चाललेत. सारुमान ग्रीमाला मारतो, हिडीसफिडीस करतो. ग्रीमा कण्हत म्हणतो, मला याचा तिटकारा आहे, याला सोडून जाता आलं तर किती बरं! वाटेत भेटलेला भला जादूगार गॅन्डाल्फ म्हणतो, मग सोड की. ग्रीमा चिपडलेल्या, भेदरलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे एकदा बघतो आणि सारुमानच्या मागे पाय ओढत निघून जातो. पायात बेडी नाही. सारुमानकडे पूर्वीची ताकद नाही. तरी जातो! आयुष्यभर दुसऱ्याच्या कानाशी बसून जगलेल्या माणसाला 'मग सोड की' एवढ्यावर सुटता येत नाही, असं मला वाटतं. गॅन्डाल्फने रस्ता दाखवला, पण आज रात्री जेवायचं कुठे ते सांगितलं नाही.

ते सांगतो फ्रोडो, हॉबिटांच्या शायरमध्ये, बॅग एंड या आपल्या जुन्या घराच्या दारात. याच्यामागे जायची गरज नाही, माझं तू काही वाईट केल्याचं मला माहीत नाही, इथे राहा, खा, अंगात ताकद आली की तुझ्या वाटेने जा. आणि ग्रीमा थांबतो! मागे वळून बघतो, अर्धामुर्धा तयारही होतो. हातातून निसटतोय हे सारुमानच्या बरोब्बर लक्षात येतं, म्हणून तो तिथेच सगळ्यांसमोर फोडतो, की हे घर घेतलेल्या लोथो या हॉबिटाचा खून यानेच केलाय. वर तोंडावर लाथ. मग ग्रीमाने लपवलेला सुरा, सारुमानचा गळा, आणि फ्रोडो काही बोलायच्या आत तीन हॉबिटांचे बाण.

चित्रपटात (तोही २००३च्या भागाच्या लांब आवृत्तीत, थिएटरमध्ये हे दृश्य कापलेलं होतं) हे सगळं सारुमानच्या मनोऱ्यावरच उरकलंय आणि बाण लेगोलास या एल्फ धनुर्धराचा आहे. पण दुसऱ्या भागात सारुमानची अफाट फौज बघताना ग्रीमा झालेल्या ब्रॅड डुरिफच्या गालावरून एक अश्रू ओघळतो, तो पुस्तकात नाही. पीटर जॅक्सनला त्या एका थेंबासाठी मी बरंच काही माफ केलंय.

आता उलट बाजू. दया दाखवायला फ्रोडोचं काय जात होतं? लोथोच्या रूपाने मुलगा गेला लोबेलियाचा. तुरुंगातून सुटून आलेली म्हातारी लोथोची बातमी ऐकून खचली, पुन्हा बॅग एंडमध्ये राहायला गेली नाही, घर फ्रोडोला परत दिलं. पुढच्या वसंतात वारली तेव्हा उरलेला पैसा बेघर झालेल्या हॉबिटांसाठी ठेवून गेली. ग्रीमाला माफ करायचा हक्क कुणाचा असेल तर तिचा, आणि तिकडे रोहनमध्ये एओविनचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी त्यांच्या बाजूने.

म्हणून माझा सुधारलेला ग्रीमा काही थोर वगैरे नाही. कुठल्यातरी हॉबिटाच्या शेतावर पडेल ते काम करणारा, ज्याच्या हातात कुणी किल्ल्या देणार नाही असा. बाणांनी हे राहिलंच, पण मला जास्त लागतं ते दुसरंच. मरण्याआधीचे त्याचे शेवटचे शब्द सारुमानला उद्देशून आहेत: तू सांगितलंस, तूच करायला लावलंस. जगला असता तर कधीतरी लोबेलियासमोर उभं राहून सारुमानचं नाव न घेता 'मी मारलं' म्हणावं लागलं असतं. ते त्याला जमलं असतं यावर पैज लावायला मात्र मी तयार नाही.