कृपादानं फक्त पाळकांनाच का?
लेखात म्हटलंय की आत्म्याची दानं, म्हणजे पवित्र आत्म्याकडून मिळणारी कृपादानं (रोग बरे करणं, देवाचा संदेश देणं वगैरे), पाळकांनी म्हणजे चर्चच्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मिळत नाहीत, हे काही पटलं नाही बुवा. बायबलमधलं प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र काढून बघा, अध्याय १२, तिथे तो स्पष्टच म्हणतो की दानं निरनिराळी पण आत्मा एकच आणि तो आपल्या इच्छेप्रमाणे एकेकाला वाटून देतो, डोळा हाताला तुझी गरज नाही असं म्हणू शकत नाही वगैरे. आणि लांब कशाला, आपल्या केडगावचंच घ्या ना! १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन (आत्मिक जागृती) झालं ते कुणा बिशपमुळे नाही, विधवा आणि अनाथ मुलींच्या प्रार्थनेत झालं, आणि लॉस एंजेलिसची ती फेमस अझुसा स्ट्रीटची जागृती १९०६ ची, म्हणजे नंतरची. त्या मुलींना तेव्हा समाजात कोण विचारत होतं सांगा.

आता लगेच कुणीतरी म्हणेल मग काय कुणीही उठावं आणि मला दर्शन झालं म्हणावं का, तर नाही, अध्याय १४ मध्ये तोच पौल सांगतो की संदेश दोघातिघांनीच द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा. म्हणजे तपासायचा अधिकार पण मंडळीचाच, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांचाच झाला ना? आमच्याकडे एक पाहुणे प्रचारक आले होते, त्यांना प्रश्न विचारला तर म्हणे बायबलमध्ये लिहिलंय, आत्म्याला विझवू नका. तिथेच दोन ओळी पुढे आहे, सर्व गोष्टींची पारख करा, ती मात्र साहेब सोयीस्कर विसरले 😄