गोल्फचा वेग माणसाच्या रक्तात नसतो

‘स्कॉटिश माणूस शिस्तीचा, म्हणून तीन तासांत १८ होलची (खळग्यांची) फेरी संपवतो, आशियाई खेळाडू मुळातच संथ, आणि अमेरिकेसारख्या कार्ट (मैदानात फिरण्याच्या छोट्या गाड्या) आणल्या की खेळ आपोआप वेगवान होतो,’ असा एक संदेश गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. तो वाचून माझी भाची पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) मारण्यापूर्वी ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या भागाचा, उतारही पाहीनाशी झाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आशियाई खेळाडूंविषयीचे विधान सर्वांत घातक आहे. त्यासाठी २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत चीनच्या ग्वान त्यानलांगला संथ खेळाबद्दल झालेल्या एका फटक्याच्या दंडाचा दाखला दिला जातो. मात्र तो तेव्हा अवघा १४ वर्षांचा होता आणि दंड सोसूनही त्याने कट पार केला, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळण्यास तो पात्र ठरला, हे कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये टॉरी पाइन्स मैदानावर अखेरच्या होलला एका फटक्यासाठी चार मिनिटांहून अधिक वेळ घेणारा जे. बी. होम्स अमेरिकन होता, पण त्यावरून साऱ्या अमेरिकनांना कोणी संथ ठरवले नाही. जपानमध्ये फेरीला दिवस लागतो तो नऊ होलनंतर जेवणाची सुट्टी घेण्याच्या प्रथेमुळे. तिचा आणि फटक्याच्या वेगाचा काय संबंध?

नियमपुस्तक तर सर्व देशांना एकच आहे. २०१९ पासून लागू असलेला नियम ५.६ब सांगतो की, अडथळ्याविना खेळता येऊ लागल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा. इतरांचे पट चालू असतानाच, त्यांना व्यत्यय न आणता, उतार पाहून ठेवला तर हा वेळ पुरून उरतो. भाचीने उतार पाहणे सोडण्याचे काहीही कारण नाही.

स्कॉटलंडमधील फेऱ्या बहुधा लवकर संपतात, एवढे मान्य करावे लागेल. पण तिथल्या जुन्या मैदानांवर एका ग्रीनपासून पुढची टी, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारण्याची जागा, हाकेच्या अंतरावर असते, आणि मुइरफील्डसारख्या क्लबात तर दोन भागीदारांनी एकच चेंडू आळीपाळीने मारण्याची, म्हणजे फोरसमची, परंपरा आहे. चारऐवजी दोनच चेंडू खेळात असले की वेळ वाचणारच.

खरी कोंडी होते ती खेळाडूंचे गट किती मिनिटांच्या अंतराने मैदानात सोडले जातात त्यामुळे. पार तीनच्या (तीन फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या) होलवर पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला टीवर थांबावेच लागते. त्या होलला दहा मिनिटे लागत असताना दर सात मिनिटांनी गट सोडले, तर प्रत्येक गटामागे तीन मिनिटे साचतात आणि दहावा गट २७ मिनिटे ताटकळतो, मग तो कोणत्याही देशाचा असो. कार्टने ही कोंडी सुटत नाही. उलट पावसानंतर कार्ट ठरलेल्या वाटेवरच ठेवायची असेल, तर चेंडूपर्यंत चालत जाऊन, चुकीची क्लब (गोल्फची काठी) आणली म्हणून परत फिरण्यातच वेळ जातो.